झाकणाच्या आतलं कुंकू

मॅडम,

तुमच्या शोकसभेत मला कुणी बोलायला सांगितलं नाही, ते बरंच झालं. कॉलेजच्या सभागृहात मी शेवटून दुसऱ्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर बसलो होतो. पुढे तुमचा फोटो, त्याला झेंडूचा हार, आणि माइकवर एकामागून एक माणसं. कुणी तुमच्या शिकवण्याबद्दल बोललं, कुणी निवृत्तीनंतर तुम्ही गावोगाव विहिरींचं पाणी तपासत फिरलात त्याबद्दल. एक सर म्हणाले, बाईंच्या हातून प्रयोगात कधी चूक झाली नाही. तुम्ही असता तर जागेवरून उठून त्यांना थांबवलं असतं. मलाही थांबवता आलं असतं. मी रुमालाने चष्मा पुसत बसलो.

सभा संपल्यावर दारात एकाने विचारलं, आपण कोण त्यांचे? मी म्हणालो, प्रयोगशाळेत होतो. तो ‘अच्छा’ म्हणून पुढे गेला. त्याचं काही चुकलं नाही. नातं सांगायचं तर काय सांगायचं? तुम्ही रसायनशास्त्राच्या प्राध्यापक आणि मी तुमच्या लॅबचा असिस्टंट, हे नातं आपण दोघं निवृत्त झालो तेव्हा कागदावर संपलं. त्यानंतर सहा वर्षं माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून तुम्ही निम्मा नगर तालुका फिरलात, त्याला काही नाव नाही. आमच्या घरात सुतक नव्हतं, तरी मी दहा दिवस दाढी केली नाही. मंगलने, म्हणजे माझ्या बायकोने, तेवढ्या दिवसांत गोडाधोडाचं काही केलं नाही आणि मला काही विचारलंही नाही.

मशीन आता माझ्याकडे आहे. तुमच्या मुलीने ते सावेडीच्या फ्लॅटमधून आणून माझ्या हातात दिलं. “काका, आई म्हणायची, हे बाळासाहेबांशिवाय कुणाचं ऐकत नाही,” असं म्हणाली. जुन्या गोधडीची तुम्ही शिवलेली पिशवी अजून तशीच आहे. मी ते बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवलं, मग टीव्हीच्या बाजूला, मग कपाटावर. कुठेही ठेवलं तरी समोर येतंच. चार्ज करून ठेवलंय, एवढं मात्र केलं. तुम्ही पहिलं तेच विचारलं असतं.

जेवणाच्या डब्याएवढं ते यंत्र. पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तुमच्या एका विद्यार्थ्याकडे ते वापरून जुनं झालं होतं, ते तुम्ही हक्काने मागून आणलंत. कपात पाणी घ्यायचं, दोन थेंब अ‍ॅसिड टाकायचं, नखाएवढी पट्टी बुडवायची आणि चार-पाच मिनिटं गप्प बसायचं. मग पडद्यावर एक उंचवटा उमटतो. उंचवटा जेवढा उंच, तेवढं पाण्यात शिसं. गावात लोक विचारायचे की एवढ्याशा डब्याला काय कळणार. तुम्ही सांगायचात, “भरल्या विहिरीत कुणी चिमूटभर टाकलं तरी ह्याला वास येतो.” लोकांना ते पटायचं. मला तर लॅबमध्ये निम्मं आयुष्य काढूनही त्याचं नवल वाटायचं.

सकाळी सात वाजता तुम्ही गेटवर उभ्या असायचात. नेप्ती नाका ओलांडून कल्याण रोडला लागलो की गार वारा लागायचा. मशीन तुमच्या मांडीवर, दोन्ही हात त्याच्याभोवती, त्यामुळे तुम्हाला धरायला हात उरायचा नाही. गतिरोधक दिसला की मी मागे आवाज द्यायचो, “आला.” आणि तुम्ही म्हणायचात, “या, बसा.” सहा वर्षांत हा विनोद तुम्हाला जुना झाला नाही. मला झाला होता, पण मी दर वेळी हसायचो. आता त्या रस्त्याने एकटा गेलो तेव्हा प्रत्येक गतिरोधकाला तोंडातून ‘आला’ निघालं आणि मागून काही आलं नाही. हेल्मेटच्या आत रडायला येतं हे मला ह्या वयात कळलं.

मी लांबण लावतोय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. जे सांगायचं आहे ते त्या विहिरीबद्दल आहे. वर्षभर तुम्ही जे कारण शोधत होतात, ते मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं.

नीट क्रमाने सांगतो, तुम्हाला तसंच आवडायचं.

खंडेनवमीचं आपलं भांडण तुम्हाला आठवत असेल. कॉलेजात असताना दरवर्षी मी त्या दिवशी तराजू, भट्टी, फवारापात्रं पुसून मांडायचो आणि हळदकुंकू वाहायचो. तुम्ही तेव्हा काही म्हणाला नाहीत. मात्र हे मशीन आलं त्या वर्षी माझ्या हातात कुंकवाची पुडी पाहिलीत आणि हात आडवा घातलात. म्हणालात, “बाळासाहेब, औताला लावा, स्कूटरला लावा, हवं तर मला लावा. ह्याला नको. हे यंत्र तुमची श्रद्धासुद्धा मोजून दाखवील.”

मी हसलो, पण मला लागलं. तुमचे वडील भिक्षुकी करायचे, पूजा तुमच्या घरात रोजचं काम होतं, तुम्हाला तिचा कंटाळा आला असेल. आमच्या पारनेरकडच्या घरात पूजा वर्षातून मोजकीच आणि त्यात खंडेनवमीची मोठी. नांगर, कोयता, विळा, पाभर, सगळं धुऊन ओळीने मांडायचं. ज्याच्यावर घर चालतं त्याला त्या दिवशी हात जोडायचे, एवढंच आम्हाला ठाऊक. मी ते तुम्हाला समजावून सांगायला हवं होतं. तुम्ही ऐकलं असतं, आणि नाही म्हणाला असता तरी ऐकून मग म्हणाला असता. मी न बोलता मनात धरून ठेवलं. आमच्याकडचे लोक असेच, तोंडावर होय म्हणायचं आणि मग आपल्याला हवं ते करायचं.

मागच्या वर्षीच्या खंडेनवमीला मशीन माझ्याकडे होतं, चार्जिंगला. नवरात्रात देवीच्या यात्रेतून मंगलने आणलेलं लालभडक कुंकू देव्हाऱ्यात होतं. मी बोट बुडवलं आणि मशीनच्या झाकणाला टिळा लावला. बाहेरून लावला असता तर तुम्हाला दिसला असता, म्हणून झाकणाच्या आत, वरच्या कोपऱ्यात लावला. तुम्हाला दिसू नये एवढीच हुशारी केली. उघडपणे वर लावला असता तर तुम्ही मला दोन शब्द सुनावून तो पुसला असता आणि ह्यातलं पुढचं काहीच झालं नसतं.

दसऱ्यानंतर आपण त्या गावाला गेलो. हिवरे बाजारच्या पुढे डोंगराकडेला, आक्कांच्या वस्तीवर. गावाचं नाव इथे लिहीत नाही, त्या विहिरीला नावाचा पुष्कळ त्रास झालाय. आक्का, त्यांचा मुलगा दत्ता, चार गायी, आणि दत्ताची बायको, सातवा महिना लागलेली. उन्हाळ्यात आसपासच्या चार घरांच्या बाया ह्याच विहिरीवर प्यायच्या पाण्याला यायच्या, म्हणून आक्कांना त्या पाण्याचा अभिमान. चहा आधी का पाणी आधी, यावर तुमचं आणि त्यांचं प्रेमाचं भांडण झालं.

तुमचा नियम होता, आधी स्वतःला तपासायचं. घरून बाटलीत आणलेलं शुद्ध पाणी, ज्याला आपण ‘कोरं पाणी’ म्हणायचो, ते पहिलं मशीनला लावायचं. त्यात काही दिसलं तर दोष आपल्यात. मग विहिरीचं, आणि शेवटी पुन्हा कोरं. त्या दिवशी पहिलं कोरं पाणी स्वच्छ आलं, कारण झाकण तेव्हा पूर्ण मागे टेकलेलं होतं. मग वारा सुटला. कडब्याचा भुसा उडायला लागला, म्हणून मी झाकण अर्धं पुढे ओढून कपावर आडोसा केला. विहिरीचं पाणी लावलं आणि पडद्यावर असा उंचवटा आला की मी पाहतच राहिलो. तुम्ही म्हणालात, पुन्हा. पुन्हा तसाच. तिसऱ्यांदा तसाच. आडोसा तिन्ही वेळा तिथेच होता.

दत्ताची बायको ओसरीच्या खांबाला टेकून आपल्याकडे पाहत होती. तुम्ही एकदा तिच्या पोटाकडे पाहिलंत आणि उठलात. आक्कांचे हात धरून सांगितलंत की पुण्याहून पक्का रिपोर्ट येईपर्यंत हे पाणी कुणी पिऊ नका, पोरीला तर मुळीच देऊ नका. त्या घाईत शेवटचं कोरं पाणी राहिलं. तुमच्या हातून राहिलेलं ते एकमेव कोरं पाणी.

तुमचं बोलणं योग्यच होतं. पण संध्याकाळपर्यंत गावभर झालं, विहिरीत शिसं निघालं. दूध संकलनावरच्या माणसाने दत्ताला विचारलं, गायींना पाणी कुठलं पाजतोस. शेजारच्या बाया यायच्या थांबल्या. दुसऱ्याच दिवशी सुनेचे वडील श्रीगोंद्याकडून जीप घेऊन आले आणि मुलीला घेऊन गेले. पुढे पुण्याचा रिपोर्ट आला, पाणी अगदी स्वच्छ. आपण पुन्हा जाऊन दोनदा तपासलं, स्वच्छ. झाकण तोवर मी पुसलं होतं.

आपण पहिल्यांदा तपासलं त्याच आठवड्यातली गोष्ट. मशीन पुसताना झाकणाच्या बिजागरीत मला लाल दिसलं. मंगल भिशीला गेली होती. मी देव्हाऱ्यातल्या कुंकवाचे चार कण अ‍ॅसिडात टाकले, पाणी घातलं, पट्टी बुडवली. उंचवटा पडद्याच्या बाहेर गेला. शिसं त्या कुंकवाच्या रंगात होतं, आणि वाऱ्याने ते झाकणातून कपात पडलं होतं. ती नोंद मी पुसून टाकली. कुंकवाची पुडीही तशीच गुंडाळून फेकली आणि मंगलला सांगितलं की मुंग्या झाल्या होत्या. एका टिळ्यासाठी मी एका दुपारी दोन बायकांना फसवलं.

तुम्ही नंतर नोंदी उतरवताना विचारलंत, “मधला एक क्रमांक कुठे गेला?” मी म्हणालो, बॅटरी गेली होती. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत आणि वहीत लिहिलंत, बॅटरी. तेवढा वेळ पुरेसा होता, मॅडम. तुम्ही पेन हातात घेऊन थांबला होतात. मी खिडकीबाहेर रिक्षा बघत होतो.

का नाही सांगितलं? पहिल्यांदा भीती. मग वाटलं, रिपोर्ट स्वच्छ आलाच आहे, लोक विसरतील. मग इतके दिवस गेले की सांगायचं म्हणजे उशिराचंही कारण सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर ज्या बाईने आपल्या प्रत्येक अहवालावर तपासणाऱ्यांत माझं नाव पहिलं लिहिलं, कारण विचारल्यावर ‘पाणी तुम्ही शेंदता’ म्हणाली, तिच्या डोळ्यांत मला खाली उतरायचं नव्हतं. बी.एस्सी. अर्धवट सोडलेल्या माणसाचं नाव छापील कागदावर वरती आलं होतं. त्या विहिरीचा आपला आकडा चुकला, असं दुरुस्तीचं पत्र तुम्ही ग्रामपंचायतीला दिलंत, त्यावर मात्र एकच नाव होतं, तुमचं. मी ते पत्र स्वतःच्या हाताने पोचवून आलो.

लोक काही विसरले नाहीत. सून बाळंत झाली, मुलगा झाला, आक्कांना नातू झाला. पण सुनेचे वडील पोरीला आणि नातवाला पाठवायला तयार नव्हते. आपण त्यांना भेटायला श्रीगोंद्याकडे गेलो होतो, तेव्हा ते तुमच्याशी अदबीनेच बोलले. “बाई, तुमी आता म्हन्ता पानी चांगलं हाय. मान्य. मंग तवा आलं ते आलं कुठून? तेवढं सांगा, आजच पाठवतो.” उत्तर माझ्याकडे होतं आणि मी समोरच्या ताटलीतले शेंगदाणे खात होतो. येताना स्कूटरवर तुम्ही म्हणालात, “त्यांचा प्रश्न बरोबर आहे, बाळासाहेब.” सबंध वाटेत एवढंच.

मग तुमचा तो शोध सुरू झाला. अ‍ॅसिडची बाटली बदलून पाहिली. हातमोजे धुऊन ते पाणी तपासलं. बादली, बादलीची कडी, विहिरीच्या कठड्याचा रंग, ओसरीवरची माती. कडबा जाळून राख तपासली. दत्ताच्या पंपाचं ऑइल तपासलं. प्रत्येक वेळी मी पाणी ओतायचो, आकडा सांगायचो आणि तुम्ही वहीत एक ओळ खोडायचात. मी तुमच्याबरोबर एकेक चुकीचा दरवाजा उघडत होतो आणि किल्ली माझ्या खिशात होती. कधी कधी मला तुमचा रागही यायचा. एका विहिरीपायी एवढं काय, असं मी एकदा म्हणालोही. तुम्ही म्हणालात, “कारण सापडल्याशिवाय ते पोर घरी यायचं नाही.” त्यावर मी स्कूटर चालू केली.

शेवटचे आठ दिवस तुम्ही दवाखान्यात होतात. मी रोज चार वाजता यायचो, तुमची मुलगी तेवढ्यात घरी जाऊन यायची. त्या अर्ध्या तासात खोलीत आपण दोघंच असायचो. रोज ठरवून यायचो. तुम्ही झोपलेल्या असलात की वाटायचं उठवू नये, जाग्या असलात की वाटायचं त्रास देऊ नये. सातव्या दिवशी तुम्ही डोळे उघडलेत, मला ओळखलंत आणि म्हणालात, “दोर राहिला. नायलॉनचा दोर तपासायचा राहिला.” मी म्हणालो, करतो मॅडम, उद्या करतो. तुम्ही मान हलवलीत. तेच शेवटचं. लोकांना शेवटी आशीर्वाद मिळतो, निरोप मिळतो. मला काम मिळालं, आणि तेही मीच निर्माण केलेलं.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी आक्कांकडे गेलो. मशीन नेलं नाही. दत्ता धार काढत होता, आक्का शेंगा निवडत ओसरीत बसल्या होत्या. तुम्ही गेल्याचं त्यांना कळलं होतं. मला पाहून त्या डोळ्याला पदर लावून थोडा वेळ बसल्या. पाण्याचा तांब्या समोर ठेवताना म्हणाल्या, “जारचं हाय, भिऊ नगं.” मी तांब्या तसाच ठेवला आणि म्हणालो, आक्का, तुमच्या विहिरीचं सांगायला आलोय. आणि सांगितलं. खंडेनवमी, टिळा, झाकण, वारा. पुसलेली नोंदही सांगितली. मला वाटलं होतं तास तरी लागेल. दत्ताच्या हातातली चरवी भरायच्या आत सांगून झालं.

 दत्ताने चरवी खाली ठेवली, हात धुतले, सासऱ्यांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. “तुमीच सांगा,” म्हणाला. मी पुन्हा सगळं सांगितलं.  मग सुनेचे वडील म्हणाले, “कुक्कू?” मी होय म्हणालो. “येवढंच सांगायला वरीस लावलं व्हय तुमी?” त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं. फोन ठेवताना त्यांनी दत्ताला सांगितलं, रविवारी पोरीला आणि बाळाला घेऊन येतो.

दत्ता आत जाऊन एकटाच बसला. त्याने मला शिवी दिली नाही. आपलं पोर उपडं वळलं, बसायला लागलं, रांगायला लागलं, ते त्याने जाऊन-येऊन पाहिलं होतं, त्यावर मी काय बोलणार. आक्का उठल्या, विहिरीवर गेल्या, स्वतः पाणी शेंदलं आणि पायरीवर बसून ओंजळीने प्याल्या. मी जवळ उभा होतो. त्या तोंड पुसत म्हणाल्या, “मॅडमला कवा सांगितलं हे?”

“न्हाई सांगितलं, आक्का.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पायरीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, “हितंच बसून रडल्या हुत्या त्या. माती न्यायला आल्ता ना, तवा. तू फाट्यावर पंक्चर काढाया गेल्ता. मला म्हनल्या, आक्का, माजा हात बिगडला. इतकी वर्सं पोरांना शिकवलं आन आता माजा हातच बिगडला. मशीन चांगलं, पानी चांगलं, मंग बिगडलं असंल ते मीच.”

मॅडम, मला हे माहीत नव्हतं. मी परत आल्यावर तुम्ही मला पंक्चरबद्दल विचारलंत, आक्कांच्या शेंगांच्या चटणीबद्दल बोललात, परतताना ‘या, बसा’ही म्हणालात. त्यानंतर तुम्ही अ‍ॅसिडचे थेंब टाकायचं माझ्याकडे दिलंत. “तुम्हीच टाका बाळासाहेब, तुमचं नेमकं पडतं,” म्हणायचात. मला वाटलं मोतीबिंदू असेल, वय असेल. मनातून मी थोडा फुशारलोही होतो. पुढेपुढे तर तुम्ही पट्टीलाही हात लावायचं सोडलंत आणि हात मांडीवर घट्ट धरून बसायला लागलात.

रविवारी पोर आलं. दत्ताने मला फोन करून बोलावलं, मला जायचं धाडस नव्हतं, मंगलने पाठवलं. तिला आदल्या दिवशी कुंकवाचं सांगितलं होतं. ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही, आणि सकाळी तिने स्वतःच इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. आक्कांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाला विहिरीपाशी नेलं आणि त्या पाण्याने त्याचे पाय धुतले. शेजारच्या बाया जमल्या होत्या. झाकणाच्या आत कुंकू लावलं म्हणून त्या मला हसत होत्या, आणि मीही त्यांच्यात हसलो. कुणीतरी म्हणालं, मॅडम हव्या होत्या. मग सगळ्या पुन्हा बाळाकडे वळल्या.

परत येताना मी नेप्ती नाक्याच्या अलीकडे स्कूटर बाजूला घेऊन बराच वेळ उभा राहिलो. तुमच्याकडे माफी मागायची म्हणून हे लिहायला बसलो होतो. पण माफीने तुमचं काय होणार? तुम्हाला एक आकडा चुकीचा मिळाला होता आणि त्याचं उत्तर तुम्ही स्वतःच्या हातांत शोधलंत, आणि तेच मनात घेऊन गेलात. म्हणून दुसरं काही मागत नाही, फक्त दुरुस्ती करतो. आपल्या अहवालात करायचो तशी, तारीख नसली तरी.

कारण मी होतो. तुमचा हात चांगला होता, मॅडम. शेवटपर्यंत चांगला होता.